मूल कोण सांभाळणार, हा सार्वजनिक प्रश्न आहे

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेचा निकाल लागला आणि नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख विजेती ठरली. शहराने तिचे मनापासून कौतुक केले आणि ते योग्यच होते. मात्र पटाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या कोनेरू हंपीविषयी आपल्याकडे फारसे बोलले गेले नाही. हंपी तेव्हा ३८ वर्षांची होती. २०१७ साली तिला मुलगी झाली. त्या सुमारास ती स्पर्धांपासून बराच काळ दूर राहिली, परतल्यावर २०१९ च्या अखेरीस तिने रॅपिड बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळवले आणि २०२४ च्या अखेरीस ते पुन्हा मिळवले. हे कसे जमले याचे उत्तर तिने स्वतःच जाहीरपणे दिले आहे : आपण प्रवासात असताना मुलीला आपले आईवडील सांभाळतात.

हे उत्तर साधे आहे, पण ते नीट ऐकले तर ‘करिअर की कुटुंब’ या नावाने चालणाऱ्या आपल्या बहुतेक चर्चेचा पायाच हलतो. प्रतिभा हंपीची होती, जिद्द तिची होती, मुलीवरची मायाही तिचीच होती. तरीही या तिन्ही गोष्टी एकत्र नांदू शकल्या त्या घरात भरवशाची दोन माणसे होती म्हणून. ज्या बाईच्या घरात अशी माणसे नाहीत तिची प्रतिभा किंवा जिद्द कमी असते असे नाही. आपण मात्र असे धरून चालतो की मूल झाल्यावर प्रत्येक बाई शांतपणे विचार करून, आपली मूल्ये तपासून नोकरी आणि घर यांपैकी एकाची निवड करते, आणि मग त्या निवडीवरून आपण तिचा स्वभाव ठरवून टाकतो. नोकरी धरून ठेवली तर ती महत्त्वाकांक्षी, थोडी स्वार्थी. सोडली तर ती मायाळू, थोडी मागासलेली. स्त्रीवादाच्या नावाने बोलणारे आणि परंपरेच्या नावाने बोलणारे असे दोघेही हा निवाडा करत असतात. फक्त कोणाच्या पदरात गुण टाकायचे एवढ्यापुरताच त्यांच्यात फरक असतो.

माझे म्हणणे असे आहे की हा निवाडाच थांबवला पाहिजे. बाई कामावर जाणार की घरी राहणार हे बहुतेक वेळा तिच्या मूल्यांवरून ठरत नाही, तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात या वेळात मूल कोणाजवळ राहील यावरून ठरते; आणि ते कोणाजवळ राहील याची सोय करणे ही एका घराची खासगी अडचण नसून शहराची, उद्योगांची आणि सरकारची जबाबदारी आहे. स्त्रीवादी चळवळीने बाईला ‘योग्य निवड’ शिकवण्यापेक्षा ही सोय मिळवण्यासाठी आपली ताकद लावावी, असे मला कळकळीने वाटते.

नागपुरात मुलींच्या महाविद्यालयात मी बरीच वर्षे शिकवले आणि माझ्या विद्यार्थिनींच्या आयुष्यात एक क्रम वारंवार पाहिला. पदवी झाली की मुलगी पुण्याला किंवा बंगळुरूला जाते, चांगल्या कंपनीत लागते, लग्न होते आणि नवरा-बायको तिकडेच भाड्याच्या घरात संसार मांडतात. बाळंतपणाला ती माहेरी येते, परत जाताना आईला सोबत घेऊन जाते, काही महिन्यांनी इकडे वडिलांच्या जेवणाखाण्याचे हाल होऊ लागतात आणि आई परत येते. त्यानंतर मुलगी एकतर नोकरी सोडते किंवा कमी पगार मान्य करून नागपूरला येते. नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या कंपन्यांत अशा परतलेल्या मुली पुष्कळ आहेत. इतक्या लवकर का परतलीस असे विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असते : ‘मॅडम, इथे आई आहे ना.’

त्यांच्यापैकी एकीने सांगितलेली मुलाखतीची हकीकत मी विसरू शकत नाही. तिला कामाविषयी मोजके प्रश्न विचारले गेले आणि मग विषय बदलला : बाळ किती वर्षांचे आहे, सांभाळायला कोण असते, सासूबाई सोबत राहतात का, दुसऱ्याचा विचार आहे का? तिचा नवराही त्याच सुमारास नोकरी बदलत होता. बाळ त्याचेही होते. पण त्याच्या मुलाखतीत बाळाचा उल्लेखही निघाला नाही.

त्रिमूर्तीनगर भागातले एक पाळणाघर मी जवळून पाहिले आहे. एका घराचा तळमजला, दोन मोठ्या खोल्या, खिडकीत कूलर, फरशीवर सतरंज्या आणि दोन मावश्या. दाराजवळ एक वही ठेवलेली असते. मूल किती वाजता आणले, किती वाजता नेले आणि कोणी नेले हे तीत लिहून सही करायची. ती वही चाळली तर सकाळच्या रकान्यात बाबांच्या सह्या बऱ्याच दिसतात, कारण ऑफिसला जाता जाता मूल सोडणे सोपे असते. संध्याकाळच्या रकान्यात जवळजवळ सगळ्या सह्या आईच्या किंवा आजीच्या असतात. पाळणाघर सातला बंद होते आणि त्यानंतर जादा पैसे पडतात. साडेसहापासून एकेक आई येऊ लागते, खापरीकडून मेट्रोने येऊन स्टेशनवर ठेवलेली गाडी काढून आलेली असते, डोक्यावरचे हेल्मेटही न काढता आत शिरते, मूल कडेवर घेते, डबा उघडून वरणभात किती उरला ते पाहते आणि मावशीला विचारते, ‘दुपारी झोपली का?’ ज्या आईची बैठक लांबली तिचा फोन त्याच वेळी येतो आणि तिच्या आवाजात अपराधीपणा इतका असतो की मावशीच तिला धीर देते. मुलाला ताप आला तर मावशी आधी आईलाच फोन करते. बाबांचा नंबर वहीत असतो, पण तो लावायचा असतो हे कोणाच्या मनातच येत नाही.

त्या दोघींपैकी एका मावशीची स्वतःची मुलगी आठ वर्षांची आहे. शाळा सुटल्यावर ती वस्तीतल्या शेजारणीकडे थांबते, कारण जिथे आई दिवसभर दुसऱ्यांची मुले सांभाळते त्या पाळणाघराची फी आईच्या पगारात बसत नाही. एका बाईची नोकरी टिकते ती दुसऱ्या बाईच्या तुटपुंज्या पगारावर आणि तिसरीच्या, म्हणजे आजीच्या, बिनपगारी कष्टांवर. आजीला नातवंडांचा लळा असतो हे खरेच. पण साठी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईने दीड वर्षाच्या मुलामागे दिवसभर धावावे ही अपेक्षा लळ्याच्या नावाखाली गृहीत धरणे न्यायाचे नाही. तिने आपली मुले वाढवली, अनेकींनी नोकरी सांभाळून वाढवली. आता वाचन, भजनी मंडळ, मैत्रिणींबरोबर एखादा प्रवास किंवा नुसता आराम यांवर तिचा हक्क आहे. स्त्रियांच्या निवडीविषयी बोलताना आपण तरुण बाईपुरतेच बोलतो आणि आजीला काय हवे आहे हे तिला कोणी विचारत नाही, याची मला खंत वाटते.

घरातल्या कामाची वाटणी किती विषम आहे हे सरकारी आकडेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. १५ ते ५९ या वयोगटात घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत सुमारे ४१ टक्के आणि पुरुषांत सुमारे २१ टक्के आहे, आणि देखभाल करणारे पुरुषही स्त्रियांच्या जवळपास निम्माच वेळ त्यासाठी देतात. हेच दुसऱ्या बाजूने पाहायचे तर २०२३-२४ मध्ये शहरी भागातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी कामात असलेल्या किंवा काम शोधत असलेल्या स्त्रिया केवळ २८ टक्के होत्या. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतील दोनशे वर्षांच्या नोंदी अभ्यासून दाखवले की आजच्या काळात सारखेच शिक्षण आणि सारखाच व्यवसाय असलेल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी मुख्यतः पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर रुंदावते, कारण वेळी-अवेळी हजर राहणाऱ्याला बाजार जास्त पैसे देतो आणि मूल असलेल्या घरात दोघांनाही तसे हजर राहता येत नाही. अमेरिकेतल्या ग्राहकांची सकाळ सुरू होते तेव्हा मिहानमध्ये रात्र झालेली असते. त्या वेळेच्या बैठकीला नवऱ्याने बसायचे की बायकोने, हे आपल्या बहुतेक घरांत न बोलता ठरलेले असते.

विदर्भात याला उन्हाची जोड आहे. एप्रिल लागला की शाळा सकाळच्या होतात आणि मुले भर दुपारी घरी येतात. मग सुट्या लागतात आणि आपल्याकडच्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जून सरत आल्यावर उघडतात. पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना लहान मुलाला खेळायलाही बाहेर सोडता येत नाही. वर्षातले जवळपास तीन महिने नोकरदार आई दररोज नवी तडजोड शोधत असते, आणि तिच्या हातात वर्षभराची रजा मात्र तितकीच असते जितकी पुण्यातल्या सहकाऱ्याला मिळते.

या प्रदेशात आणि या शहरात हा प्रश्न एकेकाळी उघडपणे सार्वजनिक म्हणून मांडला गेला होता, हे आज फार थोड्यांना आठवते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात भत्ता देण्याचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि लोकांचे कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी असल्याने या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, असे त्यांनी सांगितले. त्याच वेळी स्त्रियांना कामावर ठेवून फायदा मिळवणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही हे त्यांनी बजावले. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला आणि १९३० साली मध्य प्रांतातही झाला, ज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती.

पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि हजारो बायका तिला आल्या. घटस्फोटाचा अधिकार, बहुपत्नीत्वाला बंदी यांबरोबरच गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत राबणाऱ्या स्त्रियांना हक्काची रजा मिळावी अशी मागणी त्या परिषदेने केली. लग्नाची घाई करू नका, मुलांची संख्या मर्यादित ठेवा, नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हा, असे बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या स्त्रियांना सांगितले. त्या सभेत बसलेल्या बायकांपुढे ‘करिअर की कुटुंब’ असा पर्याय कधीच नव्हता; काम करावेच लागत होते आणि मुलेही होतीच. याच भागातल्या जाईबाई चौधरी यांनी रेल्वे स्टेशनवर हमाली केली, शिकल्या आणि नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. म्हणूनच या स्त्रियांनी प्रश्न नेमका पकडला : बाईने काय निवडावे हे त्यांनी विचारले नाही, मालकाने आणि सरकारने काय द्यावे हे विचारले. आपण त्यांच्यानंतर आठ दशकांनी तोच प्रश्न उचलून पुन्हा घराच्या चार भिंतींत नेऊन ठेवला आहे.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेली दुरुस्ती मोठी होती. पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच चौकट आहे. या दुरुस्तीचे मी तेव्हाही स्वागत केले आणि आजही करते, परंतु तिच्यात एक मोठा दोष राहून गेला : रजेच्या काळातला सगळा पगार एकट्या मालकाने द्यायचा. परिणामी पंधरा-वीस माणसांची छोटी कंपनी चालवणाऱ्याच्या मनात तरुण विवाहित मुलीचा अर्ज पाहताच हिशेब सुरू होतो आणि मघाशी सांगितलेली ती मुलाखत घडते. बाईच्या भल्यासाठी केलेली तरतूद बाईलाच दारातून परत पाठवू लागते. बाळंतपणाच्या रजेचा आर्थिक भार एकेका मालकावर थेट पडू नये, तो सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून भागवला जावा, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०००च्या करारातले तत्त्व याच कारणासाठी आहे. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही.

वास्तविक असा निधी आपल्याकडे आहे आणि तो नागपूरच्या वेशीवर दररोज काम करतो. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेली कामगार स्त्री कर्मचारी राज्य विमा योजनेत येते आणि तिला बाळंतपणाच्या रजेचा मोबदला विमा महामंडळ देते. त्यासाठी मालकाला वर्गणी भरावी लागते ती स्त्री आणि पुरुष अशा दोघांच्याही वेतनावर, एकाच दराने. त्यामुळे बाईऐवजी पुरुष घेतला म्हणून मालकाचे काहीही वाचत नाही. २१,००० च्या वर पगार गेला की मात्र ही व्यवस्था संपते आणि सगळा भार पुन्हा एका मालकावर येतो. ही मर्यादा काढून टाकून बाळंतपणाचा विमा सर्व पगारदारांना लागू करणे, आणि त्यात सरकारने आपला वाटा टाकणे, ही मला या प्रश्नातली सर्वात तातडीची मागणी वाटते. स्त्री संघटनांच्या निवेदनांत ती क्वचितच दिसते.

तितकीच गरज बापाच्या रजेची आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायदाच नाही. उलट सरकारी नोकरीतल्या आईला बालसंगोपनासाठी वेगळी रजा आहे, केंद्रात संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवस आणि महाराष्ट्रात १८० दिवस. ती आवश्यकच आहे, पण बायको हयात आणि धडधाकट असलेल्या बापाला ती मिळत नाही, म्हणजे मूल आजारी पडले तर घरी थांबायचे ते आईनेच असे सरकारने गृहीत धरले आहे. स्वीडनने १९७४ सालीच पालकत्वाची रजा आई-बाप दोघांसाठी खुली केली आणि नॉर्वेने १९९३ मध्ये रजेचा काही भाग फक्त बापासाठी राखून ठेवला, जो त्याने घेतला नाही तर वाया जातो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणे महाराष्ट्र शासनाने सक्तीचे केले, ते चांगलेच झाले. आता पाळणाघराच्या वहीत संध्याकाळच्या रकान्यात बापाची सही यावी यासाठीही शासनाने काही करावे.

आईची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे आणि २६ आठवड्यांची रजा त्याच्याशी जुळते. तोवर आईला पर्याय नाही हे मान्यच केले पाहिजे. त्यानंतर मात्र मुलाला हवी असतात ती प्रेमाची, ओळखीची, रोज दिसणारी माणसे, आणि ती एकापेक्षा जास्त असली तर मुलाचे काही बिघडत नाही. वाड्यात, एकत्र कुटुंबात मुले अशीच वाढली.

नागपूर हे राष्ट्र सेविका समितीचेही केंद्र आहे. १९३६ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या या संघटनेने जिजाबाईंना मातृत्वाचा, अहिल्याबाईंना कर्तृत्वाचा आणि राणी लक्ष्मीबाईंना नेतृत्वाचा आदर्श मानले. माझे या विचारधारेशी अनेक मतभेद आहेत, तरी हे तीन आदर्श मानणाऱ्यांना मी विनंती करीन की त्यांनी या तिघींची आयुष्ये पाहावीत. जिजाबाई मुलाला वाढवत असतानाच पुण्याच्या जहागिरीच्या कारभारातही लक्ष घालत होत्या, अहिल्याबाई आई होत्या, राणी लक्ष्मीबाईंनी दत्तक मुलाच्या हक्कासाठी लढा दिला. आणि समितीच्या संस्थापक लक्ष्मीबाई केळकर स्वतः तरुणपणी वैधव्य आलेल्या, अनेक मुलांच्या आई होत्या. यांपैकी कोणाच्याही आयुष्यात मातृत्व आणि कर्तृत्व वेगळ्या खणांत ठेवलेले नव्हते. मातृत्वाला खरोखर मोठे मानणाऱ्यांनी पाळणाघरे आणि बापाची रजा मागण्यात माझ्याही पुढे असायला हवे.

आपण होऊन घरी राहणाऱ्या बाईविषयी स्त्रीवाद्यांनी जास्त आदराने बोलायला हवे, हेही मला तितक्याच ठामपणे म्हणायचे आहे. माझ्या काही हुशार विद्यार्थिनी मुलांसाठी घरी राहिल्या, त्यात त्यांना समाधान आहे आणि त्यांनी शिक्षण फुकट घालवले असे मला मुळीच वाटत नाही. मला काळजी वाटते ती त्यांच्या असुरक्षिततेची. नोकरी सोडताना बाई केवळ पगार सोडत नाही. भविष्य निर्वाह निधी, बढती, स्वतःच्या नावावर कर्ज मिळण्याची पात्रता आणि दहा वर्षांनी पुन्हा कामावर घेतले जाण्याची शक्यता हे सगळे सोडते. उद्या नवरा दगावला किंवा संसार मोडला तर तिच्या हाती काय राहते? गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणांत मान्य केले, जानेवारी २०२१ मध्ये ते पुन्हा ठळकपणे सांगितले. म्हणजे ती मेल्यावर तिच्या कामाची किंमत ठरते. २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयाने नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत गृहिणीचा वाटा मान्य केला, पण तो एका न्यायालयाचा निकाल आहे, देशाचा कायदा नव्हे. लग्नानंतर घेतलेल्या घरावर, साठवलेल्या पैशांवर दोघांचा सारखा हक्क असेल असा कायदा झाला तरच घरी राहणे ही बाईची निर्भय निवड होईल. मूलच नको असे ठरवणाऱ्या बाईलाही हाच आदर मिळाला पाहिजे. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीने तिला ‘गोड बातमी कधी?’ विचारणे थांबवावे.

या सगळ्या चर्चेत ज्याला कोणी ‘करिअर’ म्हणत नाही अशा कामाला जाणारी बाई सुटून जाते. छत्तीसगडमधून नागपूरला बांधकामावर आलेली मजूर बाई डोक्यावर विटा वाहते आणि तिचे मूल रेतीच्या ढिगाशी बसलेले असते. ५० पेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तर बांधकामाच्या जागी पाळणाघर हवे असे १९९६ चा कायदा सांगत होता, पण छोट्या छोट्या ठेक्यांत वाटलेल्या कामावर इतक्या बायका एका ठिकाणी सहसा नसतातच. चार घरची धुणीभांडी करणारी बाई तर अशा कोणत्याच आकड्यात बसत नाही. अंगणवाडी तिच्या वस्तीत आहे, परंतु ती काही तासच चालते आणि तीन वर्षांखालच्या मुलाला दिवसभर ठेवून घेत नाही. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची केंद्राची योजना २०२२ पासून आहे आणि ती योग्य दिशेने आहे. मात्र अंगणवाडी सेविकेला आजही पगार नाही, मानधन मिळते, आणि मूल सांभाळण्याच्या कामाला जोवर आपण मानधनाचेच काम समजतो तोवर ही योजना दुसऱ्या गरीब बाईच्या कष्टांवरच चालेल. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये गरीब बाईच्या हाती पडतात याचा मला आनंद आहे, पण त्या पैशांत दिवसभराचे पाळणाघर मिळत नाही आणि वस्तीत पाळणाघर नसेल तर कितीही पैशांत मिळत नाही.

म्हणून माझी मागणी सर्वात आधी नागपूर महानगरपालिकेकडे आहे. महापालिकेच्या १५१ जागांपैकी निम्म्या स्त्रियांसाठी राखीव आहेत, महिला व बालकल्याण समिती आहे, आणि पटसंख्या घटल्याने बंद पडलेल्या मराठी शाळांच्या इमारतीही आहेत. त्या इमारतींत सकाळी आठ ते रात्री आठ चालणारी पाळणाघरे सुरू करावीत, तिथल्या मावश्यांना प्रशिक्षण आणि पूर्ण पगार द्यावा, त्यांची स्वतःची मुलेही तिथेच राहावीत, फी उत्पन्नानुसार घ्यावी आणि उन्हाळ्यात शाळकरी मुलांसाठी वेगळी खोली असावी. मेट्रो स्टेशनांजवळच्या इमारती आधी घ्याव्यात, कारण मूल सोडून पुढे जाणे तिथून सोपे पडते. शिलाई यंत्रे वाटण्यापेक्षा यात खर्च जास्त आहे आणि तो दरवर्षी करावा लागेल, हे मला ठाऊक आहे. रस्त्यांच्या आणि उड्डाणपुलांच्या खर्चाशेजारी ठेवला तर तो फार वाटणार नाही. सुरुवात मेडिकल आणि मेयो या दोन रुग्णालयांच्या परिसरातून व्हावी असे मी म्हणेन. तिथल्या परिचारिका तीन पाळ्यांत काम करतात, त्यामुळे तिथले पाळणाघर रात्रीही उघडे ठेवावे लागेल आणि रात्रपाळीच्या मावशीला त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतील.